असंतोषांक ब्याण्णव

"अण्णा, तांदूळ उन्हात टाक! उन्हात! एकही सोंडा जिवंत राहता कामा नये!"

वैजयंती डोईफोडे बार्शीतल्या थोरल्या भावाशी फोनवर बोलत होत्या. अण्णांना कमी ऐकू यायचं आणि कानयंत्र ते फक्त लग्नकार्यात घालायचे. त्यामुळे बाईंचं रोजचं बोलणं अर्ध्या आळीला पाठ होतं. तेवढ्यात दारात हवालदार उभा.

"बाई, तुमचा असंतोषांक ब्याण्णव झालाय. सत्तरच्या वर गेलं की दर सोमवारी चौकीत हजेरी."

'गगनवाणी' या फोन कंपनीचं सूरमापक यंत्र प्रत्येक कॉलमधला आवाजाचा चढउतार मोजायचं, रागाला शंभरपैकी गुण द्यायचं आणि आकडा सरकारला कळवायचं. यंत्र शब्द ऐकत नाही, नुसता सूर ऐकतं. मग कोर्टाची परवानगी कशाला, असं सरकारचं म्हणणं.

बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईंनी तीन सोमवार मुकाट सही केली आणि चौथ्या सोमवारी कंपनीवर दावा ठोकला. बघता बघता असे अकरा हजार दावे झाले. तेव्हा सरकारने घाईघाईने 'अभय विधेयक' आणलं : सुरांची माहिती सरकारला पुरवल्याबद्दल कंपनीवर दावा चालणार नाही, जुनासुद्धा.

विधिमंडळाच्या समितीने बाईंना साक्षीला बोलावलं. अध्यक्ष आमदार गुंजाळ समजुतीने म्हणाले, "बाई, ज्याच्या मनात काही नाही त्याने कशाला घाबरायचं?"

"खरंय. मग आपला आकडा किती, साहेब?"

गुंजाळ हसले. कंपनीचे तंत्रज्ञ नौशाद मुल्ला समोरच बसले होते; त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "सांगा हो, होऊन जाऊ दे!"

मुल्ला चाचरले. "पक्षश्रेष्ठींशी बोलताना दोन, साहेब. फोन ठेवल्यानंतरच्या चार सेकंदांत… शहाण्णव."

"फोन ठेवल्यावरही मोजता?" गुंजाळांचा आवाज चिरकला.

"खरा राग तिथेच सापडतो, साहेब."

"आणि हे बघतं कोण?"

"सरकार. तिथून दर शुक्रवारी पक्षश्रेष्ठी."

अध्यक्षांनी तातडीने चहाची सुट्टी जाहीर केली. वीस मिनिटांनी एका ओळीची दुरुस्ती आली : आमदारांचे फोन मोजू नयेत. विरोधकांसकट सगळ्यांनी हात वर केले आणि विधेयक एकमताने सभागृहाकडे गेलं. तिथे ते मंजूर होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाई संतापाने कागद पिशवीत कोंबत होत्या, तोच मुल्ला जवळ आले.

"बाई, यंत्र शब्दही साठवतं. पहिल्या दिवसापासून. माझ्याकडे पुरावा आहे."

बाईंनी विधेयक पुन्हा बाहेर काढलं आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं बोट ठेवून वाचलं. "अहो, इथे अभय फक्त सुरांना आहे! शब्दांचं नावच नाही. कोर्टात सांगाल?"

"सांगेन." मुल्लांनी कपाळावरचा घाम पुसला. "पण बाई, कंपनीला अभय मिळालं, आमदारांनाही मिळालं. खरं सांगणाऱ्याला ते कुठल्या कलमात आहे?"