बेगची दाढी

गर्विष्ठ म्हणा, पण न्यूझीलंडमधल्या डनीडिनच्या आमच्या प्रयोगशाळेत बेगच्या दाढीखाली फ्लास्क कधीही न धरलेली मी एकटीच.

स्फटिक हट्टी असतात. द्रावण महिनोन्‌महिने तसंच राहतं. त्यात जुन्या स्फटिकाचा कण बी म्हणून पडला, की सकाळपर्यंत जमतं. लॅकलन बेगनं उभा जन्म स्टेरॉइडांचे स्फटिक करण्यात घालवलेला. त्याची पांढरी दाढी म्हणजे बियाण्याचं कोठार, असं सगळे म्हणत. कुणाचं अडलं, की त्याच्याकडे. तो वाकून दाढी झटकायचा आणि मला ऐकवायचा, "हेदर, नाक मुठीत धरून येशील एक दिवस."

"तुझ्या दाढीत कोंडाच जास्त," मी म्हणायचे.

आमचं भांडण जुनं. माझ्या नव्या स्टेरॉइडचे रेणू द्रावणात हायड्रोजन बंधानं दोघं-दोघं हात धरतात. वर्णपटात ते दिसतंच. स्फटिकातही जोड्याच राहणार, असं बेगचं म्हणणं. मी म्हणे, जोड्या सुटतील आणि लांब साखळी होईल. निकालाला एक स्फटिक हवा होता. तोच होईना. जूनमध्ये बेग गेला.

माझी विद्यार्थिनी मेरेआना हिचा प्रबंध त्या स्फटिकावाचून अडलेला. "बेग असता तर," ती म्हणाली.

"असता तरी गेले नसते."

"तुझा मान राहील गं, पदवी माझी जाईल."

ते मला लागलं. बंदरापलीकडच्या, बेगनं कधी पाऊल न टाकलेल्या नव्या इमारतीत मी कोरी काच घेतली, द्रावण स्वतः गाळलं, दोन फ्लास्क भरले, बुचांवर मेण ओतलं आणि खिडकीत ठेवले. सकाळी दोन्हींत स्फटिकांच्या सुया चमकत होत्या. बी नाही, दाढी नाही. इतकी ताठ मी आयुष्यात कधी चालले नव्हते.

एक फ्लास्क उघडला, सुई क्ष-किरणांखाली धरली. साखळी. अखंड, हातात हात.

"हरलास, म्हाताऱ्या," मी म्हणाले. ऐकायला तो हवा होता.

मेरेआना चीज रोल घेऊन आली. खाता खाता तिनं बंद फ्लास्क उजेडात धरला.

"हेदर, यात केस आहे."

नखाएवढा. पांढरा, राठ. सगळ्या सुया त्यातूनच फुटलेल्या.

तिचे केस काळे, माझे तांबडे. मेण जसंच्या तसं होतं.

"प्रबंधात काय लिहू?" तिनं हळूच विचारलं.

"बी न टाकता."

तिनं तसंच लिहिलं. डिसेंबरात तिला पदवी मिळाली. टाळ्या वाजवताना माझे डोळे भरले.

तो फ्लास्क माझ्या खिडकीत आहे. मेण अजून अखंड. सुया होत्या तेवढ्याच आहेत.

केसाचे मात्र काचेला आतून तीन वेढे झालेत.