बाराव्या चुलीचा धूर

मालू नर्स सांगत होती की मेलेल्या बाईची चूल दोन सकाळी पेटली आणि बालंट आपल्यावर आलं.

१९५८ सालचा पौष होता. कल्याणच्या आपल्या खोलीत खासगी तपासनीस टिपणीस डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे मित्र खोपकर मास्तर टिपून घेत होते.

मुरबाडजवळ म्हाताऱ्यांची एक वसाहत होती. बारा खोल्या, बारा चुली. सकाळी सातला मालू धूर मोजायची. धूर दिसला की माणूस बरा. चूल पेटेनाशी झाली की खोली सुटायची आणि शहापूरच्या मोठ्या दालनात खाट मिळायची. रविवारी आणि सोमवारी तिनं बारा धूर मोजले होते. सोमवारी दुपारी बारावी खोली उघडली, तर बाईजा खाटेवर मरून पडलेली, डोळे उघडे. मरण शनिवारी रात्रीच आलं, हृदय थांबून, असं डॉक्टर म्हणाले.

"धूर मी रचून सांगितला आणि मागाहून चूल पेटवली, असं आमचे व्यवस्थापक देवजी म्हणतात. नोकरी गेली तर आईला काय घालू?"

मंगळवारी दोघे वसाहतीत पोचले. व्यवस्थापक देवजीनं पंचनामा पुढे केला. खाटेजवळ कोऱ्या चहाचे दोन पेले, दोन्ही काठोकाठ. एकात मेलेल्या मुंग्या, दुसरा स्वच्छ. बाईजाची बोटं संधिवातानं आखडलेली. देवजीची तक्रार एकच होती, नर्स कामचुकार आहे.

बाहेर अकराव्या खोलीच्या दारापासून बाराव्या खोलीच्या दारापर्यंत काथ्याची दोरी होती, कमरेच्या उंचीवर. "वाळत घातलेलं लुगडं धुळीत लोळेल," खोपकर हसले. टिपणीस हसले नाहीत.

अकराव्या खोलीत धोंडीबाई सुपातले तांदूळ निवडत होती. खडा बोटांना लागला की फेकायची; नजर मात्र दाराबाहेर होती. डॉक्टरांचं म्हणणं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सुकटीवरून दोघींचं वाजलं होतं, ती म्हणाली. "मंग दोन दिस अबोला धरला तिनं. लई हट्टी. मी बी आपून होऊन बोलली नाय. ऐतवार गेला, सोमवारी दुपारी तीच गेली."

कचेरीकडे परतताना खोपकर म्हणाले, खुनी धूर करून वेळ लपवत असणार.

"मेलेल्या माणसाला चहा कोणता खुनी ठेवतो, मास्तर?"

देवजीच्या कचेरीत टिपणीसांनी मालूला बसायला सांगितलं.

"एकाच वेळी ओतलेल्या दोन पेल्यांपैकी एकातच मुंग्या मेल्या नसत्या. म्हणजे पेले दोन वेगळ्या सकाळचे. मालूनं मागाहून काही रचलं नाही. चहा ठेवणारीला बाईजा जिवंत वाटत होती. उघड्या डोळ्यांचं प्रेत हातभर अंतरावर असताना असं कुणाला वाटेल? ज्याला दिसत नाही त्याला. ती दोरी कपड्यांची नाही, वाटेची आहे. तांदूळ बोटांनीच निवडले जातात. बाईजाचे हात गेले होते, धोंडीबाईचे डोळे. एकीनं पाहायचं, दुसरीनं दोन्ही चुली पेटवायच्या. शहापूर टळावं म्हणून दोघींनी मिळून एक धडधाकट माणूस उभं केलं होतं. मग अबोला आला. रुसलेलं माणूस चहाला हात लावत नाही, हाकेला ओ देत नाही. यात धोंडीबाईला काहीच वावगं वाटलं नाही."

खोपकरांनी मान वर केली. दारात धोंडीबाई उभी होती, भिंत चाचपत आलेली. किती ऐकलं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हंजे रुसली नव्हती ती?" तिनं विचारलं.

मालू उठली आणि तिनं म्हातारीचा हात धरला. "नाय गो आये. रुसली नव्हती."

देवजी बराच वेळ कागद सारखे करत राहिला. मालूवरची तक्रार आपण फाडतो, असं म्हणाला. धोंडीबाईनं आपल्या खोलीतच राहावं, चूल रोज मालू पेटवेल. नियम आपणच केलेला, आपणच बदलू.

"ह्ये शनिवारच्या आदी बोलला असतास तर," धोंडीबाई शांतपणे म्हणाली, "आमी लपून नसतो राहिलो. मालू रोज तिच्या खोलीत गेली असती."

मग तिनं मालूला शहापूरची एसटी कितीला सुटते ते विचारलं.