आधी कुणाला विचारायचं

"कुणीतरी माझी नोकरी घालवतंय," आर्या म्हणाली. "आणि तेही माझ्याच घरात."

हे ती सुनंदाअक्कांकडे बघून म्हणाली. त्रिविक्रमकडे कुणी बघत नसे. खाजगी तपासनीस सुनंदा हुक्केरी खुर्चीत बसायच्या आणि तो त्यांची बॅग, छत्री आणि पाण्याची बाटली सांभाळत मागं उभा राहायचा. मागच्याच प्रकरणात एका सासऱ्यानं त्याला ड्रायव्हर समजून गाडी आणायला पाठवलं होतं. अक्कांकडे गाडी नव्हती.

"सोमवारी ग्राहकासमोर माझं थेट प्रात्यक्षिक आहे, याच संगणकावरून," आर्या सांगत होती. "अडखळले तर ही जागा ऑफिसातल्या विश्वेश्वरला जाईल. त्यालाही हीच हवी होती. आणि या संगणकावर लिनक्स लावून दिलंय तेही विश्वेश्वरनंच. आठवडाभर एकेक पान उघडायला जीव जातोय. तुम्हीच बघा ना."

तिनं बातम्यांच्या साइटचं नाव टाइप केलं आणि पान

…

…

उघडलं. बराच वेळ कोरं, मग सगळं एकदम. वर चपलांची भलीमोठी जाहिरात.

"या जाहिराती आधी होत्या?" अक्कांनी विचारलं.

"नाही. आठवड्यापासूनच."

"व्हिडिओ?"

"सुरू व्हायला वेळ लागतो. एकदा लागला की अडत नाही."

"याच वायफायवर तुमचा फोन?"

"मस्त चालतो."

"मग वायफाय बिघडलंय," त्रिविक्रम म्हणाला.

अक्कांनी आर्याच्या फोनकडे बघितलं. मग त्याला स्वतःलाच कळलं.

जयनगरहून जे. पी. नगरपर्यंत रिक्षात त्यानं मनाशी ठरवलं होतं की आज अक्कांच्या आधी आपण ओळखायचं. तो राउटरपाशी गेला. हॉलमधल्या फळीवर राउटर होता, शेजारी पितळी गणपती. लाल कापड घातलेल्या उंच आसनावर बसलेला. त्रिविक्रमनं नमस्कार केला. प्लगच्या पट्टीत एक जागा रिकामी होती.

आर्याचा नवरा सुहास कॉफी घेऊन आला. ट्रेमध्ये तीन कप, सगळ्यांना दिले आणि स्वतः उभाच राहिला.

"संगणकातलं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "ते विश्वेश्वरचं खातं. नळ गळला तरी ही आधी त्यालाच फोन करते."

"काहीतरीच हं, सुहास," आर्या म्हणाली.

"गणपती छान आहे," अक्का म्हणाल्या. "नवा?"

"गेल्या शुक्रवारी आणला. गांधी बाजारातून," सुहास म्हणाला.

कामाला येणारी यल्लव्वा स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोरची फुलं गोळा करत होती. अक्कांनी तिला विचारलं, "फळी कोण पुसतं?"

"मीच की, अक्का. पण आता देव बसलाय. देवाला मी हात लावत नाही. भोवतीनं स्वल्प फडकं फिरवते."

शेवटी महादेवपुऱ्यात विश्वेश्वरला फोन. फोन स्पीकरवर होता.

"मी? मी कशाला तिचा संगणक बिघडवीन?" त्याचा आवाज चढला. "जागा तिला मिळाली, मला जळजळ झाली, कबूल. पण सगळं मी वर्षापूर्वी लावून दिलं. जाहिराती अडवायची सोयसुद्धा. त्यानंतर हात लावलेला नाही."

त्रिविक्रमला वाटलं, हाच. जळणारा माणूस हाच. तो तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "सुहास, तो गणपती

…

…

उचला. तुम्ही बसवलात, तुम्हीच उचला."

सुहास हलला नाही.

"देव्हारा आत आहे. मग हा बाहेर राउटरजवळ कशाला?" अक्का म्हणाल्या. "कारण देव हलवून खाली काय आहे ते कुणी बघत नाही. या घरात तर नाहीच."

सुहासनं मूर्ती उचलली. आर्यानं लाल कापड ओढलं. खाली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी होती, वायर गुंडाळलेली.

"विश्वेश्वरची डबी," आर्या म्हणाली. "ही तर राउटरच्या मागं असायची."

"जाहिराती अडवणारी," अक्का म्हणाल्या. "जाहिराती परतल्या, म्हणजे डबी बंद पडली. संगणकाला साइटचं नाव कळतं, पत्ता कळत नाही. तो विचारावा लागतो. विश्वेश्वरनं त्याला शिकवलं होतं, आधी डबीला विचार, तिनं उत्तर दिलं नाही तर राउटरला. डबी बंद झाली तरी हा आधी तिलाच विचारतो, वाट बघतो, मग राउटरकडे वळतो. म्हणून पान आधी थांबतं, मग धावतं. फोन थेट राउटरला विचारतो, त्याला काही होत नाही."

"म्हणजे अजूनही आधी त्यालाच," सुहास म्हणाला.

आर्या त्याच्याकडे वळली.

"पण का?" आर्यानं विचारलं. अक्कांनी मान वळवून त्रिविक्रमकडे बघितलं.

त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. "येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत असाल, विश्वेश्वरनं लावून दिलंय. आणि हे तिथंच उभे असतील. ट्रे घेऊन."

सुहास खाली बघत म्हणाला, "मला फक्त तो लुकलुकणारा दिवा नको होता. संगणक मंद होईल हे खरंच माहीत नव्हतं."

"झाल्यावर कळलं ना? मग?" आर्या म्हणाली.

"तेव्हा तू त्याला शिव्या देत होतीस. पहिल्यांदाच."

"दोन उपाय आहेत," अक्का म्हणाल्या. "डबी परत लावायची, किंवा संगणकातून तिचा पत्ता पुसायचा. दोन्ही दोन मिनिटांचं काम."

आर्यानं डबीची वायर सोडवली. मग तिनं ती सुहासच्या हातात ठेवली.

"डबी माझी आहे. ज्यानं दिली त्याची नाही. लाव."

तो गुडघ्यावर बसला. रिकाम्या जागेत प्लग गेला, दिवा लुकलुकला. आर्यानं बातम्यांचं पान उघडलं. ते उघडलं. चपला गायब.

"तो गणपती आत ने," ती म्हणाली. "आणि सोमवारी तू शेजारी बसायचंस. उभं नाही राहायचं."

दाराशी तिनं हात जोडले. "अक्का, तुम्ही नसता तर."

जिन्यात अक्का म्हणाल्या, "कसं झालं ते मी सांगितलं. का झालं ते तू. ते मला जमलं नसतं."

त्रिविक्रमनं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. ते खाली रस्त्यावर आले.

"मग हे," तो म्हणाला, "तिच्यासमोर का नाही म्हणालात?"