बाहेरगावचा चेक

“ताई, कार्ड चालत नाही,” दुकानदार फोन खाली ठेवत म्हणाला, आणि नगरच्या कापडबाजारातली सगळी दुपार माझ्याकडे बघायला लागली... असं मला तरी वाटलं.

मे १९९८. शाळा पंधरा जूनला उघडणार होत्या. नव्वद गणवेशांची ऑर्डर मी घेतली होती, आगाऊ पैसे शिलाईच्या मशीनमध्ये घातले होते, आणि निळ्या कापडाचे तागे काउंटरवर काढून तयार होते. बिल अकरा हजारांचं. कार्डाची मर्यादा पंधरा हजार होती. बँकेने ती सहावर आणली होती, मला न सांगता.

“हप्ते उशिरा भरले असतील,” शेजारी शर्टपीस बघत असलेला माणूस हळूच म्हणाला.

मी शुभाचा हात घट्ट धरला. चार वर्षांची माझी पोर, आणि अशा माणसांची मला ओळख होती. “तुम्हाला कसं माहीत?”

“रोज तेच बघतो. हे कार्ड आमच्याच बँकेचं, आणि कार्डाच्याच टेबलावर असतो मी.” मग जरा लाजून, “गहिनीनाथ.”

एवढं जुनं नाव आणि एवढा नवा शर्ट! मी ओळखपत्र मागितलं. त्याने दाखवलं. मी फोटो बघितला, मग तोंड, मग पुन्हा फोटो. तो हसला नाही. एवढी एक गोष्ट मला आवडली... पण मी ती लगेच मनातून पुसली. दुकानदाराने तागे तीन आठवडे बाजूला ठेवायचं कबूल केलं.

सोमवारी मी अकरा पावत्या घेऊन बँकेत गेले. दर महिन्याला तारखेच्या आधी टाकलेल्या चेकच्या, शिक्का मारलेल्या. एकसुद्धा दिवस चुकला नव्हता. गहिनीनाथने खातं काढलं, पावत्या शेजारी मांडल्या आणि एकेक तारीख बोटाने जुळवत गेला. मला वाटलं, आता सारवासारव करणार.

“तुमचे चेक श्रीरामपूरच्या बँकेचे आहेत,” तो म्हणाला. “इथे टाकला की तो श्रीरामपूरला जातो, तिथून पैसे आले की जमा होतो. दहा-बारा दिवस जातात. तुम्ही टाकता त्या दिवशी भरले असं तुम्हाला वाटतं. बँक मोजते पैसे पडले त्या दिवसापासून.”

म्हणजे अकरा महिने मी वेळेवर भरत होते आणि अकरा महिने मी उशीर करणारी बाई होते. मुंबईच्या मुख्य कार्यालयात कुणी माझं तोंड बघत नव्हतं, फक्त तारखा बघत होतं. सतत उशीर म्हणजे हात तंगला, हात तंगला म्हणजे मर्यादा कमी. इतकं साधं.

यापुढे ड्राफ्ट काढा नाहीतर रोख भरा, तो म्हणाला. पावत्या जोडून मी मुंबईला लिहितो, त्या इथे ठेवून जा.

ठेवून जा! शुभाच्या बापानेही असंच म्हटलं होतं, कोऱ्या कागदावर माझी सही घेऊन. घटस्फोटानंतर दोन वर्षं मी त्याचं कर्ज फेडत होते. मी समोरच्या दुकानातून पावत्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि प्रत्येकीवर गहिनीनाथची सही घेतली. अकरा सह्या. त्याने निमूट केल्या. अकराव्या सहीला वर बघून म्हणाला, “बारावी हवी असली तर सांगा. हात आहे अजून.”

मी हसू दाबलं. डोळ्यांनी दगा दिला असणार, कारण तो उगाचच पेनचं टोपण शोधायला लागला.

मग तो शनिवारी श्रीरामपूरला माझ्या घरी आला. पत्र गेलं, हे सांगायला. बुधवारी आला, पोचलं म्हणून. शुभासाठी दोन पेरू होते. मी ते तिला देण्याआधी चिरून बघितले.

शेजारच्या बनुबाई ओट्यावरून मिश्री लावत म्हणाल्या, “बँकवाला लई येतोय गं. त्याच्या घरी चूल न्हाई काय?”

तेच मला खात होतं. एका कार्डासाठी कुणी साठ किलोमीटर एसटीने येतं? बायको असेल. कर्ज असेल. नाहीतर माझं मशीन विकून खायचा बेत असेल! शेवटी रविवारी शुभाला कडेवर घेऊन मी शेवगावकडच्या त्याच्या गावी गेले. गणवेशाचे नमुने दाखवायचं निमित्त. त्याच्या गल्लीत ओट्यावर एक म्हातारी डाळ निवडत होती. तिलाच विचारलं... लग्न झालंय का, पितो का, कुणाचं देणं आहे का. तिने सगळ्याला नाही म्हटलं. चहा घे म्हणाली. मी न घेताच निघाले.

पाच दिवसांनी पत्र आलं. मर्यादा पुन्हा पंधरा हजार. तागे घरी आले, मशीन दिवसभर धडधडत राहिलं, आणि तेरा जूनला शेवटचं बटण लावत असताना गहिनीनाथ दारात उभा राहिला. आता तर काहीच निमित्त नव्हतं.

“कापड मिळालं?”

“मिळालं. तुमचं काय काम होतं?”

तो उंबऱ्यावरच घुटमळला. “त्या रविवारी गावाला गेला होतात... माझ्या आईलाच विचारलंत सगळं.”

सुई बोटात गेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

“तिने शुभाला ओळखलं,” तो म्हणाला. “मी सांगितलं होतं तिला... दोघींबद्दल. ती म्हणाली, पोरगी शहाणी हाय, नीट चौकशी करती. पर एक इचारायचं ऱ्हायलं तिचं.”

“काय?”

“ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, तिला इचारू दे.”

शुभा चिंध्यांच्या ढिगात निजली होती. मी बोट तोंडात धरलं होतं, ते काढलं. काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. नगरपासून माहीत होतं. म्हणून तर बाकीचं सगळं विचारत फिरले होते.

“मी तुम्हाला आवडते का?”

बँकेत कधी एक शब्द इकडचा तिकडे न होऊ देणारा तो माणूस, कानापर्यंत लाल झाला.

“व्हय,” तो म्हणाला. “लई.”

आणखी विचारण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी उठले, आणि दार पुरतं उघडलं.