माहेरचा कापूस

उन्हं तापायच्या आत गादी पिंजून घ्यावी म्हणून जिजाबाईने एका सकाळी ती सायकलरिक्षात टाकली आणि ताराचंद गादीवाल्याच्या दुकानी नेली. काम साधंच होतं. फक्त गादीला खोळ नव्हती. खोळ तिने आधीच स्मशानघाटाजवळ नेऊन टाकली होती, आणि ते ती कोणाला सांगणार नव्हती.

मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. तिचा नवरा रुपराव याच गादीवर गेला होता. दारूने त्याचं पोट घागरीसारखं फुगलं होतं, डोळे हळदीने रंगवल्यासारखे झाले होते. काळ्या रक्ताची उलटी व्हायची, तोंडातून सडक्या मोसंबीचा वास यायचा. ते सारं तिने पुसलं, धुतलं. पण त्याची बोटं मात्र तिला बघवत नसत. शुद्ध हरपली तरी ती बोटं सारखी गादी चिमटत राहायची, बोंडातून कापूस वेचावा तशी. त्या बोटांची तिला फार किळस यायची.

पण कापूस माहेरचा, खाप्या गावचा होता, बापाच्या वावरातला, तिच्या लग्नात दिलेला. तो टाकवेना.

ताराचंदने मूठभर कापूस हातात दाबून पाहिला. “कोणाची होती जी मावशी?”

“घरचीच.”

“तुमच्या गल्लीतली हरेक बाई ‘घरचीच’ म्हणते,” तो हसला. “औंदा बिनखोळीच्याच गाद्या येऊन राहिल्या सगळ्या.”

जिजाबाईने पैसे ठरवले आणि निघाली. कळमन्याच्या बाजारामागची ती गल्ली. पहाटेपासून पोती वाहायची आणि दुपारपासून प्यायचं. कोणाचं लिव्हर गेलं, कोणी नालीत तोंड घालून पडला तो उठलाच नाही. दाराशी चपला ठेवाव्यात तशी माणसं गेली, एकाशेजारी एक.

नवी गादी ऋषिकेशसाठी होती. तिचा एकुलता एक. बाजारात लिलावाचं काम उरकून तो दुपारी येऊन झोपायचा. बापाच्या चितेपुढे त्याने शपथ घेतली होती, थेंबालाही शिवणार नाही. त्या शपथेवर जिजाबाई जगत होती.

गादी आली, आणि थोड्याच दिवसांत जेवायला वाढताना तिला तो वास आला. तोच. ताटावर हात तसाच थांबला.

“ऋषी… पिऊन राहिला काय तू?”

“तुही शपथ, आई. नाही.”

“मंग वास काहून येते?”

“मलेच मळमळते त्यानं. झोपून उठलो का तोंड असं होऊन जाते.”

तिने विश्वास ठेवला नाही. त्याचा डबा हुंगला, पाण्याची बाटली हुंगली, बाजारात जाऊन पोत्यांआड उभी राहिली. तो पाणीच प्यायचा. पण त्याचं जेवण सुटलं, पोट शर्टाची बटणं ताणू लागलं. दवाखान्यात डॉक्टरने त्याची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, “कधीपासून पितोस?” एवढा मोठा पोरगा, पण हुंदके देऊन रडला. तिने मान खाली घातली. डॉक्टरला ‘नाही’ म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

त्या दुपारी तो झोपला तेव्हा ती जवळच बसून राहिली. बाहेर रखरखीत ऊन होतं. कूलर घुरघुरत होता. आणि ऋषिकेशची बोटं हलायला लागली. गादी चिमटू लागली. एक एक… हळूच… वेचत.

तिने गादीवर हात ठेवला. गादी गरम होती, ताणलेली, पाण्याने भरलेल्या पोटासारखी. हाताखाली ती वर आली… खाली गेली…

तिने पोराला ओढून फरशीवर घेतलं आणि विळ्याने शिवण उसवली. वर पांढराशुभ्र, कोरडा कापूस. तिने कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर कापूस बाहेर काढला तो पिवळा, चिकट, तार धरलेला. ती मोरीवर जाऊन ओकली.

“हे जाळून टाक. माझ्यासमोर,” गादी दुकानात नेऊन टाकत ती ताराचंदला म्हणाली.

“एवढा पांढराफेक माल?” त्याने कापसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बरं. ठेवून जा जी. जाळतो.”

तिला पुन्हा ओकारी येत होती. ती थांबली नाही.

ऋषिकेश सतरंजीवर झोपू लागला आणि सुधारला. वास गेला, डोळे निवळले. जिजाबाई पुन्हा त्याच्या ताटात भात वाढून समोर बसू लागली. “आता तरी खरं वाटते ना, आई?” त्याने एकदा विचारलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे शेजारच्या मेघाच्या बाळाचं बारसं झालं. घुगऱ्या, पेढे, बायकांचा गलका. जिजाबाई कौतुकाने पाळण्याशी गेली.

“किती पिवळं वं लेकरू!”

“डॉक्टर म्हणे, नव्या बाळाले राहते कावीळ. जाईल आपोआप,” मेघा म्हणाली. “बघा ना काकू, गादुली किती मऊ आहे. ताराचंदनं दिली. गल्लीत सगळ्यांनीच घेतल्या, स्वस्तात देऊन राहिला.”

बाळाने झोपेत ढेकर दिला. सडक्या मोसंबीचा वास पाळण्यातून वर आला.

मग त्याच्या इवल्याशा बोटांनी गादुली चिमटली. एकदा… पुन्हा… कापूस वेचावा तशी.