अजिनाथचा नंबर

मिरजगावच्या बाजारातून आणलेला नवा मोबाईल राजेश्वरीनं सासूच्या हातात दिला, तेव्हा रंगुबाईनं आधी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग पदरानं काच पुसली आणि भीतभीत विचारलं, "आता ह्याचं करायचं काय?"

"आत्या, हिरवं दाबलं की बोलायचं. लाल दाबलं की बंद. यवढंच ध्यानात ठिवा."

"आन् कोनाचा हाय ते कसं कळायचं? मला वाचता येतंय व्हय?"

"फोटो दिसतोय की त्यावर."

फोटो तरी किती भरायचे! राजेश्वरीचा, शेजारच्या वस्तीवरल्या गोरक्षनाथचा आणि अजिनाथचा. अजिनाथ रंगुबाईचा एकुलता एक लेक, राजेश्वरीचा नवरा. गेल्या उन्हाळ्यात मोटार बघायला विहिरीत उतरला आणि वरून दरड ढासळली. तो सापडला. खिशातला त्याचा मोबाईल मात्र गाळात गेला तो गेलाच.

आता मेलेल्या माणसाचा फोटो मोबाईलात कशाला, असं कुणीही म्हणेल. पण नंबर बंद करून भागत नव्हतं. बँक, गॅस, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर. राजेश्वरीनं त्याच नंबराचं दुसरं सिम काढलं. गोरक्षनाथ म्हणाला, "वैनी, मोटारीच्या पेटीला सिम लागतंच हाय. ह्येच घाला. वटीपी लागंल तवा काढून घ्यायचं. नंबर जिता ऱ्हाईल."

त्या भागात मोटार चालू करायला विहिरीवर जातंय कोण! पेटीतल्या सिमला घरूनच फोन लावायचा. आणि लाईट आली की पेटीच उलटा फोन करते. म्हणजे आता रोज दुपारी लाईट आली की रंगुबाईच्या मोबाईलवर अजिनाथ हसत उभा राहायचा. ती हिरवं दाबायची. आतली बाई ठरलेलं बोलायची, "लाईट आली आहे. मोटार चालू करण्यासाठी एक दाबा." रंगुबाई म्हणायची, "व्हय रं बाळा," आणि एक दाबायची. कांद्याला पाणी सुटायचं.

पहिल्यांदा राजेश्वरी तो फोटो काढूनच टाकणार होती. पण म्हातारी पुन्हा भाकरी खायला लागली, रानात जायला लागली. तिकडून राजेश्वरीच्या मोबाईलवर मिस कॉल द्यायची. लांब रिंग वाजू द्यायला तिला भ्या वाटायचं; एकदा वाजली की लगेच कट. एक मिस कॉल म्हणजे पोचले, दोन म्हणजे न्यायला ये. गुडघे गेलेले, बांधावरून एकटीला येववत नव्हतं. ही खूण तिची तिनंच काढलेली. दोन मिस कॉल आले की राजेश्वरी हातातलं टाकून चपला घालायची.

एका दुपारी फोन ठेवून रंगुबाई म्हणाली, "त्याला लई गार लागतंय गं."

"आत्या, ती मशीनमधली बाई हाय."

"बाईच्या मागं बोलतोय न्हवं का."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं स्वतः कान लावला. बाईच्या मागं पाणी ठिबकत होतं. खोल कुठंतरी, थेंब थेंब. वायर खराब असेल, असं ती स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली.

मग वळवाच्या वादळात डीपी जळाली. सगळ्या शिवारात लाईट नाही. तरी दुपारी फोन वाजला. "लाईट आली आहे." डोक्यावरचा पंखा तसाच थांबलेला.

"पेटीत बॅटरी आसती, वैनी. तिचंच कायतरी बिघडलं आसंल," गोरक्षनाथ म्हणाला. म्हणाला खरं, पण तिच्याकडं बघेना. त्यानं बॅटरी सोडवली, सिम काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं.

दुसऱ्या दिवशी गाठ पदरात होती, आणि फोन वाजला.

पिठाचे हात तसेच घेऊन ती धावली. रंगुबाईनं हिरवं दाबलं होतं. आज बाई नव्हती. नुसतं पाणी ठिबकत होतं. आणि म्हातारीचं तोंड असं उजळलं, की वर्षभरात तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"येते," ती म्हणाली. "येते रं बाळा."

राजेश्वरीच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. लेकरू नाही. या घरात तिला हाक मारणारं हे एवढंच माणूस. तिनं मोबाईल हिसकावून बंद केला, पेटाऱ्यात टाकून कुलूप लावलं आणि सासूला घट्ट धरलं.

"आत्या, तुमी गेल्यावर मी कुनाची?"

रंगुबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "आगं, गार पान्यात हाय त्यो. मला न्हाई बघवत."

ती रात्र आणि पुढचा सगळा दिवस राजेश्वरी तिच्या उशाशी बसून राहिली. त्यानंतरच्या सकाळी म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात गेली. तेवढंच. परत आली तर दार उघडं होतं.

खाटेवरची गोधडी नव्हती.

ती बांधावरून पळत सुटली, हाका मारत, ठेचकाळत. विहिरीच्या काठावर म्हातारीच्या चपला होत्या. गोधडी तेवढी पाण्यावर होती.

तेरावा झाला. पाहुणे गेले. गोरक्षनाथनं पेटी उपटून नेली. सिम तर राजेश्वरीनं कधीच चुलीत घातलं होतं, आणि सासूचा मोबाईल पेटाऱ्यात बंद पडून होता. वस्तीवर आता बोलायला कुणी नव्हतं. भरदुपारी ती खाटेवर नुसती बसली होती.

कोनाड्यात तिचा स्वतःचा मोबाईल वाजला.

अजिनाथ हसत होता. तिनं हात लावला नाही.

एकदाच वाजला, आणि कट.

ती बघत राहिली.

पुन्हा एकदाच वाजला. कट.

राजेश्वरीचे पाय सवयीनं खाटेखाली चपला शोधू लागले.