केशरचं विरजण

ध्रुवनगरीच्या जीवशाळेत बाहेरचं माणूस आलं तर दार वाजवून येई. गजराबाई झोपे दार न वाजवता आत आल्या. चंद्रावरच्या त्या वस्तीची खाणावळ त्यांच्या हाताखाली होती, आणि ज्या हातचं दोन्ही वेळा जेवायचं त्या हाताला अडवायची कुणाची टाप नव्हती.

"सापडली का माझी केळी?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

डॉ. शर्वाणी उपळेकरने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "बसा, आक्का."

"बस म्हणालीस म्हणजे सापडली नाही. सांग, मी काही काचेची नाही."

चंद्रावर केळी होत नाहीत. पण गजराबाईंच्या घरच्या बिअरला पिकल्या केळ्यांचा वास यायचा, रावेरला वखारीचं दार उघडल्यावर यायचा तसा. सातू सगळ्या वस्त्यांना एकाच हरितगृहातून मिळे, हॉप्सची फुलंही तिथलीच, आणि पाणी तर एकाच बर्फाच्या खाणीचं. फरक असायचा तो किण्वाचा. शर्वाणी किण्व म्हणे, गजराबाई विरजण म्हणत. हे विरजण त्यांची धाकटी बहीण केशर पृथ्वीवरून, रावेरच्या घरून घेऊन आली होती, जिवंत जंतू आणायला बंदी येण्याच्या आधी. खाणीचं छत खचून केशर गेली. तिचं म्हणून गजराबाईंकडे काही उरलं असेल तर तो वास. आणि आता तोही गेला होता.

शर्वाणीने एक काचेची थाळी पुढे सरकवली. थाळीभर दुधासारखा पातळ थर होता, मधोमध एक ठिपका आणि ठिपक्याभोवती स्वच्छ, मोकळं कडं.

"हा थर पावाच्या किण्वाचा. मधला ठिपका तुमच्या बाटलीतला. कड्यात काहीच नाही, दिसतंय? तिथलं सगळं मेलं. याला आम्ही मारेकरी किण्व म्हणतो. याच्या पेशीत विषाणूसारखा एक पाहुणा राहतो. तो यजमानाकडून विष करवून घेतो. यजमानाला ते बाधत नाही, पण शेजारचं किण्व त्याने मरतं."

"आणि माणूस?"

"माणसाला काही होत नाही. पिणाऱ्याला कळतसुद्धा नाही. चव तेवढी त्याची येते."

"कुणाच्या घरचं हे ध्यान?"

"मलयवाडी वस्तीतल्या पेस्तनकाकांचं."

गजराबाईंच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच अडकली. पेस्तनकाका म्हणजे चहात माशी पडली तर तिची माफी मागणारा माणूस.

"त्यांना ठाऊकही नसेल," शर्वाणी म्हणाली. "त्यांच्या घरात ते एकटं होतं. मारायला दुसरं कुणी नव्हतंच."

"मग ते माझ्या घरात आलं कसं?"

शर्वाणीने हातमोजे काढले, नीट घडी करून ठेवले. "आक्का, तुम्ही काला करता ना?"

करत होत्या. आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

घरी बिअर गाळणारे हौशी लोक सगळ्या वस्त्यांत होते. त्यांनी आपसात बाटल्यांची अदलाबदल सुरू केली तेव्हा गजराबाई त्यात नव्हत्याच. चुंबकी गोफण डाकेची पेटी एका वस्तीतून फेकायची, दुसऱ्या वस्तीची झेलजाळी ती धरायची, आणि पेटी उघडली की भांडण. मी अमृत पाठवलं, मला व्हिनेगर आलं. माझी बाटली फुटली, त्याची कशी फुटत नाही? शेवटी सगळे गजराबाईंकडे आले, कारण वाढताना त्यांचा हात कुणासाठी जड नाही की हलका नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी दोनच नियम केले. पहिला: बाटली गाळासकट पाठवायची. तळाच्या गाळात विरजण जिवंत असतं, त्यावरून दुसऱ्याला आपल्या घरी तीच बिअर लावता येते. घोटभर पाजायचं आणि विरजण दाबून ठेवायचं, याला देणं म्हणत नाहीत. दुसरा: थोडा गाळ प्रत्येकाने त्यांच्याकडे पाठवायचा. गोपाळकाल्याला जसं घराघरातलं दही, पोहे, लोणचं एकाच हंडीत पडतं, तसा तो सगळा गाळ त्या एका पातेल्यात कालवत आणि प्रत्येक घराला एकेक डाव परत पाठवत. लहान घर, मोठं घर, सगळ्यांना तोच डाव. त्यानंतर तक्रार म्हणून आली नाही. उलट हौशी मंडळींच्या मागच्या मेळ्यात लोक एकमेकांना म्हणत होते, "अहो, तुमची बिअर अगदी आमच्यासारखी लागायला लागली!" आणि गजराबाई मान उंच करून ऐकत होत्या.

"पातेल्यात सगळी किण्वं एकत्र आली," शर्वाणी सांगत होती, "आणि त्यात एक मारेकरी. बाकीची तिथेच मेली. मग तेच तुम्ही घरोघर पाठवलंत. लोकांनी ते आपल्याच भांड्यांत, आपल्याच फडक्यांनी हाताळलं. मी सगळ्या वस्त्यांतून नमुने मागवून पाहिले, आक्का. सगळीकडे आता एकच आहे."

"म्हणजे सगळ्यांना सारखं मिळालं," गजराबाई म्हणाल्या. शर्वाणीने खाली पाहिलं.

"रावेरहून परत मागवता येईल?"

"बंदी आहे. आणि केशरमावशींचं किण्व इतकी वर्षं इथल्या किरणांत राहून बदललं होतं. रावेरचं आलं तरी ते रावेरचं असेल. त्यांचं नसेल."

गजराबाईंनी ती थाळी हलकेच परत सरकवली. मग म्हणाल्या, "पलीकडच्या बाजूला लाव दूरपडदा. वेधशाळेला."

शर्वाणीने एकदम वर पाहिलं. तो तमाशा तिनेही ऐकला होता. चंद्राच्या पाठीवर, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथल्या वेधशाळेचा एकटा राखणदार मुरलीधर भंगाळे हा केशरचा नवरा. अदलाबदलीत यायचं म्हणून त्याने पहिल्यांदा बाटल्या पाठवल्या त्या गाळलेल्या, तळापर्यंत निव्वळ स्वच्छ. केशरचं विरजण मी वाटणार नाही, एवढंच त्याने कळवलं. गजराबाईंनी सगळ्या वस्त्या ऐकत असताना दूरपडद्यावर त्याचं पाणी उतरवलं होतं. "ती तुमची बायको व्हायच्या आधी माझी बहीण होती. मी वाटते ते चालतं, आणि तुमच्या हाताला लकवा भरला? बाई मेली तरी तिला कुलूप घालून बसलात!" पहिला काला व्हायच्या आतच गजराबाईंनी त्याचं नाव यादीतून काढलं. त्याच्याकडे ना कुणाची बाटली गेली, ना डाव.

पडदा उजळला. मुरलीधरचे केस पार पांढरे झाले होते.

"आक्का," तो म्हणाला. "बरं आहे ना सगळं?"

"बरं असतं तर तुम्हाला कशाला हाक मारली असती?" म्हणायला नको होतं, पण जिभेला वळणच तसं. "मुरलीधरराव, केशरचं विरजण आहे का अजून?"

"आहे की. कालच बिअर उतरवली. घरभर केळी झालीत नुसती."

गजराबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"तुमचं गेलं का?" त्याने विचारलं. त्या नुसत्या मान हलवून हो म्हणाल्या. तो म्हणाला, "मग पाठवतो ना. पुढच्याच गोफणीला. गाळासकट पाठवतो, तुमच्या नियमाने. चूक माझी होती, आक्का. तुम्ही बोललात ते लागलं, पण खरं होतं."

गजराबाईंचा चेहरा फुलला आणि तसाच थिजला. त्या वळल्या. "शर्वाणी, इथे आलं तर जगेल?"

"तुमच्या स्वयंपाकघरात नाही जगणार."

"नवं पातेलं घेते."

"पातेलं नवं घ्याल. हवा तीच आहे. घुमटातल्या प्रत्येक झरोक्यात ते बसलंय, तुमच्या लुगड्यावर, माझ्या केसांत. बंद नळीत गोठवून ठेवू शकते मी. पण बिअर लावायला नळी उघडली की संपलं."

"मग मी तिकडे जाते."

"या ना," पडद्यावरून मुरलीधर म्हणाला. "केशरचंच घर आहे."

शर्वाणीने नाही म्हणून मान हलवली आणि त्यांच्या लुगड्याकडे बोट दाखवलं. गजराबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. भाताच्या वाफेने, तव्याच्या चटक्यांनी, इतक्या वर्षांच्या वाढण्याने कडक झालेले हात. ते कधी कुणाचं वाईट करतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मुरलीधरराव," त्या म्हणाल्या, "पाठवू नका."

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही..."

"तोंडातून निघतंय तोवर ऐका. कुणी मागितलं तरी देऊ नका. मी मागितलं तरी देऊ नका. उद्या म्हातारपणी माझं मन फिरलं आणि तुमच्या दारात येऊन रडले, तरी दार उघडायचं नाही. आणि आमच्याकडचं काही आत घ्यायचं नाही, रिकामी बाटलीसुद्धा. का ते ही पोरगी समजावेल तुम्हाला."

तो हळूच म्हणाला, "गाळून पाठवू? घोटभर?"

आजवर कुणाचं घेतलं आणि परत केलं नाही, असं त्यांच्या हातून झालं नव्हतं.

"पाठवा," त्या म्हणाल्या.

पुढच्या मेळ्यात पेस्तनकाकांनीच विषय काढला. मारेकऱ्याचं काही त्यांना कळलेलं नव्हतं. गजराबाईंनी शर्वाणीला शपथ घातली होती. आपली विरजणं मेली आणि कुठेतरी एक जुनं अजून जिवंत आहे हे कळलं असतं, तर हौशी मंडळी ते मागायला चंद्राच्या पाठीवरही पोचली असती.

"आक्का, एक अर्ज हाय," पेस्तनकाका चाचरत म्हणाले. "ते भंगाळे बिचारे एकटे तिकडे. झालं गेलं जाऊ द्या नी! त्यांना परत घ्या. मी माझ्या पदरची पेटी त्यांना मोकलतो, पहिली बाटली माझी."

"त्यांच्याकडे एक बाटलीही जाणार नाही."

"अजून राग?"

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. कुणीतरी मागे पुटपुटलं, सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि म्हातारीचं मन बघा.

गजराबाईंनी ते ऐकलं.

"अजून," त्या म्हणाल्या, आणि डाव उचलून वाढायला लागल्या.